पाणी तुझं चांगलं होतं, हिराजी

हिराजी, काल तुझं बारावं झालं. सारसोळ्याच्या तुझ्या कोळीवाड्यातून जेवून आलो तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. गॅलरीत जातो, परत येतो, माशांच्या टाकीसमोर उभा राहतो, हवेच्या पंपाची नळी उगाच हलवून बघतो. आई दोनदा म्हणाली, "आरं, बस की घटकाभर." बसलो की उठावंसं वाटतं. म्हणून शेवटी लिहायला घेतलं. तू हे वाचणार नाहीस हे मला कळतं. पण जिवंत असताना तरी माझं बोलणं पुरतं कुठे ऐकून घ्यायचास? अर्ध्यात तोडायचास, "तुला नाय समजनार, इलास." विलासचा इलास केलास तो केलासच. आता तोडता येणार नाही, तेव्हा ऐक.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. चार महिने राहिली होती. पाणी तुझं चांगलं होतं. एवढंच. हे चार शब्द घेऊन मला नेरूळच्या माझ्या बिल्डिंगपासून तुझ्या दारापर्यंत यायचं होतं, सायकलवर दहा मिनिटं. मी आलो नाही.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कोणी केलं? तू. मी कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या हलवणारा, तू बॉयलरवर. तुर्भ्याच्या त्या कॅन्टीनमध्ये मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो की घरी गोल्डफिश पाळलेत, आणि तू डब्यातली सुकी वाकट मासळी खाता खाता असा हसलास की समोरच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "गोड्या पान्यातलं मासं? ते काय मासं हायेत काय रे!" मला झोंबलं. पुढच्या रविवारी तू माझ्या दारात हजर, सायकलला दोन्ही बाजूंनी पांढरे कॅन बांधलेले. तुझ्या मावसभावाची बोट बाहेर खोल समुद्रात जायची, तिथून भरून आणलेलं पाणी. खाडीचं नाही हे तू तीनदा सांगितलंस. "खारीचं पानी गढूळ. ह्ये बाहेरचं हाय. बग, काचेवानी."

तीन फुटांची टाकी, खाली भोकांची जाळी, जाळीवर शिंपल्यांची आणि प्रवाळाची खडी, कडेला हवेची नळी. दोन नारिंगी मासे मी मुंबईहून पिशवीत घेऊन आलो, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यांना मी टाकीत सोडत होतो आणि तू शेजारी उभा राहून "मरतील बग, मरतील बग" म्हणत होतास. ते मेले नाहीत. त्या दिवशी आईनं तुला पिठलं-भाकरी वाढली. आमच्या घरात मासा शिजत नाही, आणि तरी माशाचाच माणूस घरात येऊन बसला याचं तिला हसू येत होतं. "आमच्यात खात न्हाईत," ती तुला म्हणाली, "बघायला काय हरकत न्हाई."

मी केमिस्ट्री शिकलेला माणूस, आणि पहिला धडा तू दिलास. टाकीतलं पाणी उडून कमी व्हायचं आणि मी कॅनमधलं समुद्राचं पाणी ओतून पातळी भरायचो. महिनाभर. मासे मलूल झाले. तू आलास, बोट बुडवून चाटलंस आणि थुंकलास. "मीठ उडतं काय रे इलास? माझा आजा मिठागरात होता. पानी जातं, मीठ राहातं. गोडं पानी घाल." मी कंपनीत दिवसभर द्रावणांची संहती, म्हणजे कशात किती विरघळलंय तेच मोजतो, हिराजी. इतकी लाज मला परीक्षेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. तू ही गोष्ट बॉयलरवाल्यांना सांगितलीस, पॅकिंगवाल्यांना सांगितलीस, वॉचमनलासुद्धा सांगितलीस. तेव्हा राग आला होता. आता मीच सगळ्यांना सांगत सुटलोय.

मग शेवाळ आलं. आधी काचेवर आणि खडीवर तपकिरी भुकटीचा थर. मी घाबरलो, तू म्हणालास थांब, नव्या टाकीला येतंच. थांबलो. गेलं. तू आठवडाभर भाव खाल्लास. पण सहा-आठ महिन्यांनी हिरवं आलं, केसांसारखं लांब, दगडादगडावर. ते काही जाईना. आपले रविवार त्यातच गेले. तू शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून हात आत घालायचास, जुना टूथब्रश गोल गोल फिरवून शेवाळ त्याच्यावर गुंडाळायचास आणि मुळापासून ओढायचास. मी जुन्या फूटपट्टीनं काच खरवडायचो. मग नळी तोंडानं ओढून खालचा गाळ बादलीत काढायचा. ती नळी ओढताना एकदा तरी घोटभर खारट पाणी माझ्या पोटात जायचंच, आणि तू त्याचीच वाट बघत असायचास.

तू खडकांतून गोगलगायी आणल्यास, शंखात राहणारे चिमुकले खेकडे आणलेस. ते शेवाळ खातात म्हणालास. खायचे बिचारे. पण त्यांनी एक दगड साफ करेपर्यंत दुसऱ्यावर बोटभर उगवलेलं असायचं. मी ट्यूबलाइट बंद ठेवली. तीन दिवस टाकीवर चादर टाकून काळोख केला. चौथ्या दिवशी चादर काढली तेव्हा शेवाळ पिवळं पडलेलं, आपण दोघांनी टाळ्या दिल्या. पंधरा दिवसांत जैसे थे. आणि मग वर तो तांबडा-जांभळा बुळबुळीत पडदा पसरायला लागला, बुडबुडे धरणारा. उचलला की कागदासारखा अख्खा निघायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असायचा. त्याचा वास घरभर.

तू मला एकदा विचारलं होतंस, हातातलं काम थांबवून. "खायाला कोन घालता यांना?"

"मीच. रोज सकाळी एक चिमूट."

"आनि?"

"आणि काय? आई तर हातपण लावत नाही."

तू पुन्हा खडीत हात घातलास. मला वाटलं, पटलं.

मी काय केलं ते मी तुला सांगितलं होतं, पण पुन्हा सांगतो, कारण माझी चूक त्यातच आहे. टाकीतलं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत फॉस्फेटची टेस्ट लावली. नळीतलं पाणी निळंशार झालं, म्हणजे फॉस्फेट भरपूर. फॉस्फेट म्हणजे खत, शेवाळाचं जेवण. मला एवढा आनंद झाला की काय सांगू, चोर सापडला! आणि चोर कोण, तर तुझे कॅन. रविवारी तू आलास, सायकल लावलीस, दोन कॅन जिन्यानं वर आणलेस, चार मजले. दम लागला होता तुला. आणि मी दारातच सुरू झालो.

"हिराजी, हे पाणी आता नको आणूस. तुझा दर्या म्हणजे गटार झालंय."

तू कॅन खाली ठेवलेस. "कॅनमधलं तपासलंस काय?"

"टाकीतलं तपासलं. टाकीत काय, तुझंच पाणी आहे ना?"

"कॅनमधलं तपास."

"कशाला? मला कळतं त्यातलं. तुम्ही लोक बोटीवरून कुठूनही बादली मारता..."

"तुम्ही लोक" म्हणालो मी. मला स्वच्छ आठवतं. तू माझ्याकडे बघितलंस, मग स्वयंपाकघराकडे बघितलंस. आत आई तुझ्यासाठी चहा टाकत होती.

"हळू बोल," तू म्हणालास.

मला वाटलं, ओशाळलास. माझा आवाज आणखी चढला. तू एकदाच उसळलास, "आनि गटार केलं कोनी? कंपन्यांचं पानी आमी सोडतो काय खारीत?" मग हात पँटला पुसलेस. मागच्या खेपेचे रिकामे कॅन उचललेस, भरलेले तिथेच ठेवलेस. चहा न घेता गेलास. आई कप घेऊन बाहेर आली तर तू जिन्यावर. "का रं गेला?" तिनं विचारलं. काम आहे त्याला, मी म्हणालो.

त्यानंतर कंपनीत नुसती मान हलवणं. माझी मान आधी हलायची की तुझी, हे मी मोजायला लागलो होतो. असा माणूस मी.

दीड महिन्यानं एका मंगळवारी प्लँटची वीज गेली आणि आम्हाला सकाळीच सोडलं. घरी आलो, किल्लीनं दार उघडलं. आई टाकीसमोर स्टुलावर चढून उभी. एका हातात वाटी, वाटीत कणकेचे गोळे, हरभऱ्याएवढे. एकेक गोळा पाण्यात सोडत होती आणि ओठ हलत होते. ओठांवर बाबांचं नाव होतं.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात बाबांच्या नावानं ती घाटावर जाऊन माशांना कणीक घालायची. गेलेल्या माणसाला पोचतं म्हणतात. नेरूळला तिला घाट कुठला मिळणार? सीवूड्सच्या बाजूला नुसता मातीचा भराव, पुढे चिखल, पुढे खाडी. घरात पाणी होतं आणि पाण्यात मासे होते. "आन् समुद्राचंच की ते," ती मला म्हणाली, "समद्या नद्या तिथंच येत्यात. आपलीबी येती." रोज घालत होती. देवपूजा झाली की, मी शिफ्टला गेल्यावर. चादर टाकली होती तेव्हा चादर उचलून घालत होती. ते दोन मासे खाऊन खाऊन किती खाणार? बाकीचं सगळं खडीत.

मी ओरडलो तिच्यावर. सांगून टाकतो, कारण तुला सांगायचं नाही तर कुणाला. वाटी हातातून घेतली. खडी उपसून दाखवली, जाळीवर बोटभर राखाडी चिखल, कुजलेल्या पिठाचा. "हे बघ, हे खातात बाबा!" असलं काहीतरी बोललो. ती स्टुलावरून उतरली, पदर खोचला आणि आत जाऊन डाळ निवडत बसली. त्यानंतर तिनं टाकीजवळ पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या तुझ्या कॅनमधलं पाणी लॅबमध्ये नेलं. टेस्ट लावली. नळीतलं पाणी निळं झालंच नाही. पुन्हा लावली. तेच. शाळेतल्या पोराला कळतं की ज्या मालावर शंका आहे तो माल तपासायचा. तू सांगितलंस, दोनदा सांगितलंस, आणि मी तपासला नव्हता.

मग काय कठीण होतं? सायकल काढायची, यायचं, सांगायचं. पहिल्या रविवारी म्हटलं, ऊन आहे. दुसऱ्या रविवारी म्हटलं, तोच येईल. कंपनीत सांगावं तर तुझ्याभोवती बॉयलरची माणसं, त्यांच्यासमोर माझी फजिती होईल. हो, तेवढाच विचार होता, फजितीचा. एकदा मी खरंच आलो होतो. सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत. तू पाठमोरा बसून जाळं शिवत होतास, बनियनवर. पंचवीस पावलांवर. मी सायकलची घंटीपण वाजवली नाही. टाकी हळूहळू स्वच्छ होत होती, शेवाळ मागे हटत होतं, आणि मला त्या टाकीकडे बघवत नव्हतं.

मग कॅन्टीनमध्ये कोणीतरी सांगितलं की सकाळी जेट्टीवर जाळं पसरताना हिराजी खाली बसला तो उठलाच नाही. माझ्या हातात पाव होता. मी तो खाल्ला, हिराजी. का खाल्ला ते मला कळत नाही. पुरा खाल्ला आणि मग उठून बाहेर गेलो.

काल बाराव्याला तुझ्या ओटीवर बसलो होतो. पंगती उठल्या, माणसं पांगली, तरी मी बसूनच. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि समोर टेकल्या. मी लिहून आणल्यासारखं बोललो, "वहिनी, मी हिराजीला म्हणालो होतो पाणी खराब आहे. ते खोटं होतं. पाणी चांगलं होतं."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पीठ होतं ना खडीत? त्यांनी हात घातला तवाच त्यांना समजलं; गेलेल्याच्या नावानं आमीबी पीठ दर्यात सोडतो. घरी येऊन मना सांगितलं." त्या इतक्या सहज बोलत होत्या, जणू बाजारातली भाजी सांगताहेत. "मी बोलले, मंग सांगा ना भावोजींना. तर म्हनाले, म्हातारीचा नवरा जेवतो त्या पान्यात. तिचं ताट मी कसा उचलू?"

म्हणजे तुला माहीत होतं. मी दारात उभा राहून गटार म्हणत होतो तेव्हा तुला माहीत होतं. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "आत जाऊन तुझ्या आयेला इचार." मी तिथेच गार पडलो असतो. तू म्हणाला नाहीस. हळू बोल म्हणालास. चार मजले चढवून आणलेलं पाणी, त्याला मी शिव्या घातल्या, तुझ्या माणसांना घातल्या, आणि तू एका म्हातारीचा घास राखलास. तिचा घास मग मीच काढून घेतला, ओरडून. तू जे इतकं जपलंस त्याचं मी हे केलं.

मला तुझा राग येतो, हिराजी. खरंच येतो. सांगून मोकळा का नाही झालास? मी आरडाओरडा केला असता, ती रडली असती, संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं आणि पुढच्या रविवारी तू बाही गुंडाळून उभा असतास. एवढं मोठं मन घेऊन वर निघून जायचं, हे बरोबर नाही. मागे राहणाऱ्यानं काय करायचं? काल रात्रीपासून हाच विचार करतोय आणि तुझ्याशी भांडतोय, आणि भांडता भांडता मध्येच तुझे आभारच मानावेसे वाटतात. माझ्या आईला तू कमीपणा येऊ दिला नाहीस. माझ्यासाठी तेवढं कुणी केलं नव्हतं.

निघताना मी वहिनींना विचारलं, "माझ्यावर रागावला होता का तो?"

वाटलं, नाही म्हणतील. बाराव्याच्या दिवशी कोणीही नाही म्हणेल.

"रागावले होते ना," त्या म्हणाल्या. "पन पान्याबद्दल नाय. तुमी येत नाय म्हनून."

सायकल हातात धरून चालतच घरी आलो. चढताच येईना.

आई जागीच होती सोफ्यावर, माझी वाट बघत. काय काय झालं, किती माणसं होती, बायको कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाली, "एवढ्यात यायचा का बंद झाला हुता रं तो? तू कधी सांगितलंच न्हाईस."

"माझं चुकलं, आई."

"काय चुकलं?"

सगळं तोंडाशी आलं होतं. पीठ, फॉस्फेट, कॅन, तुझं हळू बोल म्हणणं. सांगितलं असतं तर मी हलका झालो असतो आणि उरलेला जन्म तिनं ते उराशी धरलं असतं. तू जे मरेपर्यंत गिळलंस ते मला दोन मिनिटं गिळवत नव्हतं.

"त्याच्याकडे गेलो नाही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

ती मग उठली, आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली ती दारातच थांबली, हाताला पीठ, माझ्या तोंडाकडे बघत, लहान मूल परवानगी मागतं तशी.

"त्याच्या नावाचं एक घालू का रं उद्या? एकच. परत न्हाई घालायची."

"रोज घाल, आई," मी म्हणालो. "बाबांचंही घाल. शेवाळ काय, काढता येतं."